हापसे मोजले, पाणी कोणी मोजले?

गरीब देशांच्या पाण्यासाठी आणि आरोग्यासाठी श्रीमंत देश मदत देतात आणि त्या मदतीचे फळ काय मिळाले, याचा हिशेबही तेच मांडतात. काटा त्यांचा, वजने त्यांची आणि वही पण त्यांचीच! ज्यांच्या नावावर ही मदत खर्ची पडते त्या गरीब, दलित, आदिवासी माणसाला या हिशेबात फक्त एक आकडा म्हणून जागा असते. २०२५ साली या व्यवहाराचे खरे रूप जगाने पाहिले. अमेरिकन सरकारची यूएसएड ही मदतसंस्था १ जुलै २०२५ रोजी अधिकृतरीत्या मोडीत निघाली. त्याआधीच, फेब्रुवारी महिन्यात, डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे या पाहणीचा पैसा अमेरिकेने थांबवला होता. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत किती मुले दगावतात, किती घरांत पिण्याचे पाणी आहे, किती बायकांचे बाळंतपण दवाखान्यात होते हे याच पाहणीतून कळत होते. म्हणजे मदत तर गेलीच, पण मदत गेल्यामुळे किती मुले मेली हे सांगणारा काटाही उचलून नेला. याला काय म्हणावे?

मदत चालू असो वा बंद पडो, मोजमापाचा प्रश्न हा तज्ज्ञांनी वातानुकूलित खोलीत बसून सोडवण्याचा प्रश्न आहे असे समजून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. हे दुर्लक्ष घातक आहे. काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही हे ज्याच्या हातात असते, त्याच्याच हातात कोणाचे दुःख दिसेल आणि कोणाचे झाकले जाईल हेही असते. याचा सर्वांत भयंकर पुरावा आपल्या शेजारच्या बांगलादेशात आहे. तो आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा खेड्यापाड्यातील जनता तळी, नद्या आणि उघड्या विहिरींचे पाणी पीत होती. पटकी आणि हगवणीने लहान मुले पटापट दगावत होती. तेव्हा युनिसेफ आणि तेथील सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याने गावोगाव कूपनलिका खोदून हापसे बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हेतू चांगला होता. जमिनीखालचे पाणी जंतूंपासून बरेच सुरक्षित असते, हे शास्त्रही बरोबर होते. हापसा स्वस्त होता आणि लोकांना तो आवडला. सरकारी हापशांचे पाहून लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो कूपनलिका खोदून घेतल्या. अखेरीस देशात सुमारे ८० लाख ते १ कोटी २० लाख कूपनलिका झाल्या असाव्यात, असा अंदाज बांधला गेला. ग्रामीण भागातील सुमारे ९७ टक्के लोक कूपनलिकेचे पाणी पितात, असे अभिमानाने सांगितले जाऊ लागले. २००० सालापर्यंत ८० टक्के लोकांना ‘सुरक्षित’ पाणी देण्याचे लक्ष्य आपण मुदतीपूर्वीच ओलांडले, असे युनिसेफने १९९७ साली जाहीर केले. साऱ्या जगात या कार्यक्रमाचे कौतुक झाले.

परंतु त्या पाण्यात विष होते. आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते निसर्गतःच होते आणि उथळ कूपनलिकांच्या पाण्यात उतरत होते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते आज प्याले तर उद्या काही होत नाही. दहा-दहा वर्षे गेल्यावर छातीवर, पाठीवर काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन फुटतात आणि पुढे कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होतो. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी असे रुग्ण १९८३ सालीच ओळखले होते. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडत होते. बांगलादेशातील चापाई नवाबगंज जिल्ह्यात खुद्द सरकारी खात्याला १९९३ साली विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. तरीही चार वर्षांनंतर यशाचा डंका वाजला! कारण हिशेबाच्या वहीत हापसे मोजण्याचा रकाना होता, त्या हापशातून काय बाहेर येते याचा रकानाच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की, साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन कोटी ते ७ कोटी ७० लाख लोकांना या विषाचा धोका आहे. मानवी इतिहासातील ही सर्वांत मोठी सामुदायिक विषबाधा आहे, असे त्यांनी म्हटले. १९९८-९९ साली ३,५३४ कूपनलिकांची तपासणी झाली. बांगलादेश सरकारची आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १० आहे. उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के कूपनलिका सरकारी मर्यादेच्याही वर निघाल्या. आरोग्य संघटनेची मर्यादा लावली तर ४६ टक्के! आराईहाजार भागातील सुमारे बारा हजार माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तेथील एकूण मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के मृत्यू आर्सेनिकयुक्त पाण्याशी जोडता येतात, असे त्यात दिसून आले.

या रोगाने नुसते शरीर पोखरले नाही. अंगावरचे डाग पाहून लोकांनी रुग्णांना महारोगी ठरवले. त्यांच्या हातचे खाणेपिणे बंद झाले, लग्न झालेल्या मुलींना माहेरी परत पाठवले गेले, डाग असलेल्या मुलींची लग्ने जमेनात. अंगावरच्या डागावरून माणसाला दूर ठेवणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण मदतीच्या कोणत्या अहवालात या बहिष्काराचा आकडा आला? एकाही तक्त्यात त्याला जागा नव्हती.

आता यातला सर्वांत बोचरा भाग. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या सरकारी संस्थेने, ब्रिटनच्याच मदतीच्या पैशातून, बांगलादेशातील भूजलाची तपासणी केली होती. अनेक घटक तपासले, आर्सेनिक मात्र तपासले नाही. पुढे विषबाधा झालेल्या एका गावकऱ्याने, आपल्यासारख्या इतर पीडितांच्या वतीने, इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. २००६ साली न्यायाधीशांनी एकमताने दावा फेटाळला. कूपनलिकांवर या संस्थेचे नियंत्रण नव्हते, पाणी पिण्यास सुरक्षित आहे असे तिने कोणाला सांगितले नव्हते, सबब तिच्यात आणि त्या गावकऱ्यात कायद्याला अभिप्रेत असलेला निकटचा संबंध नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या चौकटीत हा निकाल बरोबर असेलही. पण त्याचा सरळ अर्थ काय होतो? ज्याचे पाणी मोजले त्याच्याबद्दल मोजणाऱ्याची जबाबदारी शून्य! मोजणारा बांधील आहे तो पैसे देणाऱ्याला. मदतीच्या मोजमापाचे सारे दुखणे या एका गोष्टीत आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. हे सारे वाचून ‘परदेशी मदत म्हणजे फसवणूक, हापसे म्हणजे विष’ असा उथळ निष्कर्ष कोणी काढू नये. हापशांनी असंख्य मुलांना पटकी-हगवणीपासून वाचवलेही आहे. आर्सेनिकच्या भीतीने ज्या कुटुंबांनी उथळ हापसे सोडले, त्यांपैकी अनेकांना पाणी लांबून आणून घरात साठवावे लागले किंवा पुन्हा तळ्याकडे वळावे लागले. अशा कुटुंबांत बालमृत्यू वाढल्याचे काही अर्थशास्त्रज्ञांना २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे एका बाजूला वीस वर्षांनी होणारा कर्करोग आणि दुसऱ्या बाजूला या पावसाळ्यात होणारी हगवण! या दोन्हींमधून निवड करण्याची पाळी गरिबावर यावी, हाच खरा अन्याय आहे. दोन्हींपासून मुक्त पाणी त्याला मिळाले पाहिजे. त्यासाठी दोन्ही मोजले पाहिजे. एकच मोजले की दुसरे हटकून लपते.

मोजमाप प्रामाणिक असेल तर ते जीव वाचवते, हेही याच बांगलादेशाने दाखवले आहे. जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून विषारी हापशाला लाल आणि चांगल्याला हिरवा रंग लावण्यात आला. आराईहाजारमध्ये ज्यांना आपला हापसा विषारी असल्याचे कळले, त्यांच्यापैकी सुमारे साठ टक्के लोकांनी वर्षभरात दुसऱ्या हापशाचे पाणी घेण्यास सुरुवात केली. ना मोठे यंत्र, ना मोठा खर्च! माणसाला त्याच्याच पाण्याची खरी माहिती दिली एवढेच. खेड्यातला अडाणी माणूस शास्त्र समजून घेत नाही म्हणणाऱ्यांना ही चपराक आहे. पण पुढे काय झाले? रंग उडाले, नव्या लाखो कूपनलिका तपासणीविना खोदल्या गेल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१६ च्या अहवालात सांगितले की, सुमारे दोन कोटी लोक अजूनही सरकारी मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिकचे पाणी पितात आणि एका अंदाजानुसार दरवर्षी ४३,००० माणसे त्यामुळे मरतात. सरकारने खोल कूपनलिका खोदल्या, पण त्या कोठे खोदायच्या हे ठरवण्यात खासदारांचा मोठा वाटा होता. त्यामुळे त्यातील कितीतरी कूपनलिका पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या सग्यासोयऱ्यांच्या अंगणात गेल्या. आकडा पूर्ण झाला, पाणी मात्र ज्याच्या घरी सत्ता होती त्याच्या घरी गेले. हे वाचून आमच्या वाचकांना आपल्या गावच्या बोअरची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

याच देशातील दुसरे उदाहरण पाहा. हगवणीत शरीरातले पाणी कमी होऊन मूल मरते. मीठ, साखर आणि पाणी योग्य प्रमाणात पाजले तर ते वाचते. १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे करून दाखवले आणि मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आणले. पण ही विद्या लाखो निरक्षर मातांपर्यंत न्यायची कशी? फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर बायका पाठवून चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण करायला शिकवले. सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत हे शिक्षण पोहोचले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना तिने किती घरे केली यावर ठरत नव्हता. महिन्याभराने दुसरा माणूस काही घरी जाऊन मातेला विचारी, तिला मिश्रण करायला लावी. मातेला किती आठवते आणि किती जमते यावर शिकवणारीचे पैसे ठरत. कागदावर घरे भरण्याची सोयच ठेवली नाही!

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. मातांना सारे पाठ आहे, पण मूल आजारी पडले की त्यातल्या फार थोड्याच हे मिश्रण देतात, असे त्यांच्या लक्षात आले. का? शोध घेतला तेव्हा कळले की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला हगवण लागली की ते दुकानातल्या गोळ्या घेत होते. मग आधी कार्यकर्त्यांना पटवून दिले, घरातल्या पुरुषांनाही बोलावून सांगितले आणि वापर वाढला. ज्ञान, वापर आणि परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हा धडा बांगलादेशच्या खेड्यातील बायकांनी जगाला दिला आहे. चळवळीच्या कार्यकर्त्यांनीही तो घ्यावा. आपल्या शिबिरांना किती लोक आले हे आपण मोजतो. घरी जाऊन किती जणांच्या वागण्यात फरक पडला, हे कोण मोजतो?

ज्यांना लोकांना काही विचारायचेच नसते त्यांचे काय होते, ते आफ्रिकेत दिसले. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाची युक्ती निघाली. मुलांनी गोल चक्रावर खेळायचे आणि त्या खेळाने पाणी उपसले जायचे. २००६ साली अमेरिकेत अध्यक्षपत्नी लॉरा बुश यांच्या उपस्थितीत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे लक्ष्य ठरले. खेळणाऱ्या काळ्या मुलांची हसरी चित्रे जगभर छापून आली. पण मुले शाळेत गेली की चक्र फिरवायचे कोणी? बायकांनी, म्हाताऱ्यांनी! लहान मुलांच्या खेळण्याला वाकून ढकलत पाणी काढायची पाळी त्यांच्यावर आली. मोझांबिकमध्ये अनेक ठिकाणी बंद पडलेले पंप महिनोन्महिने तसेच पडून राहिले. एका इंग्रजी वृत्तपत्राने हिशेब केला की, सांगितले तेवढे पाणी सांगितले तेवढ्या लोकांना द्यायचे तर मुलांना दिवसातून २७ तास खेळावे लागेल. दिवस मात्र चोवीस तासांचाच असतो! देणगीदारांनी पुढे हात आखडता घेतला. पण ज्या गावांतला जुना साधा हातपंप काढून हे चक्र बसवले, त्या गावच्या बाईला हातपंप हवा की चक्र, हे आधी कोणी विचारले होते का?

अलीकडे मोजमापाचे शास्त्र पुढे गेले आहे हे खरे. चिठ्ठ्या टाकून काही गावे निवडायची, त्यांना सुविधा द्यायची, बाकीच्या गावांशी तुलना करायची, अशा चाचण्या आता होतात. या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना, २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केनियाच्या बुसिया भागात झऱ्यांभोवती सिमेंटचे संरक्षक बांधकाम केले, तेव्हा झऱ्याच्या पाण्यातील घाणीचे जंतू सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले. परंतु घरच्या मडक्यातल्या पाण्यात ही घट जेमतेम एक चतुर्थांश भरली. झरा ते घर या वाटेवर पाणी पुन्हा खराब झाले. म्हणजे ज्याच्या घरात नळ आहे आणि ज्याला डोक्यावर हंडा वाहावा लागतो, त्या दोघांचे पाणी एका उगमाचे असले तरी एक नसते. उगमापाशी मोजून ‘दिले’ म्हणणे हे अर्धसत्य आहे.

२०१८ साली बांगलादेश आणि केनिया येथील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, २०१९ साली झिम्बाब्वेतील तिसरीचे आले. पाण्यात क्लोरीन, सुधारित संडास, हात धुण्याची सोय दिली तरी मुलांची उंची वाढली नाही, असे तिन्ही ठिकाणी दिसले. बांगलादेशात काही गटांत हगवण कमी झाली, इतर दोन ठिकाणी तीही झाली नाही. लगेच काही शहाण्यांनी गरिबांच्या पाण्यावर पैसा घालवणे व्यर्थ आहे असा सूर लावला. पण चाचणी झाली ती कशाची? घरात आणलेल्या पाण्यात रोज क्लोरीन टाकण्याची आणि खड्ड्याच्या संडासाची. लंडन-न्यूयॉर्कमधली मुले क्लोरीनची गोळी मोजून निरोगी झाली नाहीत. घरात चोवीस तास शुद्ध पाणी देणारा नळ आणि घाण दूर नेणारे गटार त्यांना मिळाले. गरिबाला गोळी द्यायची आणि गोळीने भागले नाही म्हणजे त्याला पाण्याचा उपयोगच नाही असे ठरवायचे, हा कोणता न्याय? दुसरे असे की, उंची हे एकच माप नाही. याच क्रेमर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा पाणी शुद्ध करून दिल्याने बालमृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे दिसले. एकट्या चाचणीत मृत्यूची संख्या एवढी कमी असते की हा फरक नजरेतून निसटतो. माप चुकीचे निवडले तर जिवंत राहिलेले मूलही हिशेबात दिसत नाही!

आता मूळ मुद्द्यावर येऊ. मार्च २०१२ मध्ये युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की सहस्रक विकासाचे पिण्याच्या पाण्याचे उद्दिष्ट जगाने २०१० मध्येच, पाच वर्षे आधी, गाठले आहे. तेव्हा ‘सुधारित’ स्रोत म्हणजे काय हे बांधकाम पाहून ठरत होते. हापसा दिसला की सुधारित, मग त्यातून सोमल येवो! २०१५ नंतर व्याख्या कडक झाली. पाणी घराच्या आवारात हवे, गरजेच्या वेळी हवे आणि जंतू व आर्सेनिक-फ्लोराइडसारख्या घातक रसायनांपासून मुक्त हवे, असे ठरले. ही मापे लावताच चित्र पालटले. २०२४ सालच्या आकडेवारीनुसार जगातील सुमारे २१० कोटी लोकांना असे पाणी मिळत नाही. हे लोक एका रात्रीत तहानेले झाले नाहीत. ते आधीपासून होतेच, फक्त काटा बदलला म्हणून दिसू लागले.

परंतु या कडक काट्यावरही एक वजन अजून ठेवलेले नाही. या जागतिक तक्त्यात शहर आणि खेडे आहे, गरीब आणि श्रीमंत आहे. जातीचा रकाना नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश या दक्षिण आशियात पाण्याचा प्रश्न जातीशिवाय मोजणे म्हणजे डोळे मिटून मोजणे होय. घनश्याम शाह, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे, हर्ष मंदर आणि अमिता बाविस्कर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ राज्यांतील ५६५ गावे पाहिली गेली. त्यांपैकी ४८.४ टक्के गावांत दलितांना पाण्याच्या जागी मज्जाव होता. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल टाकत नव्हते. या गावांत विहीर नव्हती असे नाही. सरकारदरबारी या गावांची नोंद ‘पाणी आहे’ अशीच झाली असणार.

पाणी असणे आणि पाणी पिता येणे यातला फरक आम्हाला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. त्या दिवशी कोणी मदतसंस्थेचा तज्ज्ञ महाडला आला असता तर त्याने काय लिहिले असते? ‘तळे उपलब्ध, पाणी मुबलक, अस्पृश्यांना प्रवेश मंजूर, उद्दिष्ट साध्य!’ प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सत्याग्रहींसह त्या तळ्याचे पाणी घेतले तेव्हा कागदावरचा ठराव किती पोकळ होता हे जगाला कळले. सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. ठराव हे काम झाल्याचे माप नव्हे, शेवटच्या माणसाची ओंजळ हे माप, हे बाबासाहेबांनी तेथे कृतीने दाखवून दिले.

म्हणून मदतीचा पैसा वॉशिंग्टनहून येवो, जागतिक बँकेच्या कर्जातून येवो वा आपल्याच करातून येवो, त्याचा हिशेब घेताना काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. किती नग बसवले हे नको, पाणी तपासले का आणि त्यात काय निघाले ते सांगा. उद्घाटनाच्या दिवशीचा आकडा नको, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी तो हापसा चालतो का ते सांगा. आफ्रिकेतील हातपंपांपैकी सुमारे एक तृतीयांश बंद असल्याचे अंदाज वर्षानुवर्षे समोर येत आहेत, ते उगाच नाहीत. गावाची सरासरी नको, वस्तीतल्या शेवटच्या घराचा आकडा वेगळा द्या, जातीनिहाय द्या. हंडा वाहणाऱ्या बाईचे किती तास वाचले तेही सांगा, कारण तिचा वेळ फुकटचा नाही. आणि ज्यांचे मोजले त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या चावडीवर निकाल वाचून दाखवा. ज्याचे पाणी मोजले त्याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणण्याची सोय यापुढे कोणालाही असता कामा नये. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला आहे. मदत ही मेहेरबानी असेल तर देणारा हवे ते मोजेल. पाणी हा हक्क असेल तर मोजण्याचा हक्कही ज्याला तहान लागते त्याचाच आहे.

महाराष्ट्रात २००३ पासून काही वर्षे जागतिक बँकेच्या कर्जातून ‘जलस्वराज्य’ प्रकल्प चालला. गावोगाव पाणीपुरवठा समित्या झाल्या, लोकवर्गणी गोळा झाली, टाक्या उभ्या राहिल्या. त्यानंतर इतर योजना आल्या आणि अजूनही येत आहेत. आमचे कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच की, आपल्या तालुक्यातील अशा एका तरी गावात वही-पेन्सिल घेऊन जा. टाकी पाहू नका. ती सर्वांना दिसतेच. बौद्धवस्तीतल्या, मातंगवस्तीतल्या, पारध्यांच्या पालावरच्या शेवटच्या घरी जा. पाणी किती दिवसांआड येते, किती वाजता येते, आधी कोणाकडे येते, पाण्याची तपासणी कधी झाली आणि निकाल कोणी सांगितला, हे विचारा. तारीख घाला, लिहून घ्या आणि ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवा. वर्षाने पुन्हा त्याच घरी जाऊन तेच विचारा. यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही, नोबेल लागत नाही.

बांगलादेशच्या लाखो माणसांनी वीस-वीस वर्षे ‘सुरक्षित’ पाणी म्हणून विष प्याले, कारण त्यांच्या वतीने दुसरे कोणीतरी मोजत होते. आता मदतीचे दरवाजे बंद होत आहेत, पाहण्या बंद होत आहेत आणि आकड्यांचा अंधार पसरत आहे. अशा वेळी आपला काटा आपल्या हातात घेण्याला पर्याय नाही. चळवळीने मोर्चे काढले, मागण्या केल्या, त्या करत राहावे लागेलच. पण मागणीच्या हातात पुरावा असेल तर ती टाळणे सत्तेला जड जाते. तेव्हा येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावच्या पाण्याचा खरा हिशेब सोबत घेऊन जावे!